शिकवल्याचा पुरावा कुठे ठेवायचा?

प्राध्यापकाचा शोधनिबंध तीस वर्षांनीही सापडतो. त्याच प्राध्यापकानं एखाद्या मंगळवारी एफवायच्या वर्गाला न्यूटनचा तिसरा नियम कसा समजावला, कोणत्या प्रश्नावर वर्ग अडला आणि मग कशानं पुढे सरकला, हे महिन्याभरानं त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. आपल्या नोकरीचा सगळ्यात मोठा भाग असा रोज पुसला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. अध्यापनाच्या पोर्टफोलिओकडे, म्हणजे आपल्या शिकवण्याचे निवडक पुरावे एकत्र ठेवण्याकडे, मी या दुखण्यावरचा उपाय म्हणून बघते.

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागले, कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, पायऱ्या चढत गेले, पुढे आयक्यूएसीचं काम आलं आणि दुसऱ्यांच्या फायली तपासण्याची वेळही आली. स्थाननिश्चितीची तारीख लागली की तरुण सहकारी येतात आणि विचारतात, "मॅडम, तुमचा पोर्टफोलिओ बघायला मिळेल का?" मी देते. पण तयार पोर्टफोलिओ बघून तो जमवायचा कसा हे कळत नाही. ते इथे लिहिते आहे.

१. कोर्स फाइल म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे

आपल्याकडे कागदांची कमतरता नाही. वेळापत्रक, अध्यापन आराखडा, हजेरी, शैक्षणिक डायरी, सीओ-पीओ मॅपिंग, अंतर्गत परीक्षेचे गुण, निकालाचं विश्लेषण, हे सगळं प्रत्येक विषयाच्या कोर्स फाइलमध्ये असतं आणि नॅकची समिती येते तेव्हा ते टेबलावर मांडलेलं असतं. ते ठेवायलाच हवं. त्यातून तास झाला हे सिद्ध होतं. तासाला बसलेल्या मुलीला काय कळलं, हे मात्र त्यात सापडत नाही.

नियमही इथपर्यंतच येतात. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीनं एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचा निर्देशांक, आणला आणि प्रत्येक कामाला गुण लागले. २०१८ च्या नियमावलीनं ते गुणांचं ओझं कमी केलं. आता वार्षिक मूल्यमापनात अध्यापनाच्या रकान्यात बघितलं जातं ते नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले एवढंच. ८० टक्के किंवा जास्त असतील तर चांगलं, ७० ते ८० च्या दरम्यान असतील तर समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. वर्गावर जाणं ही पहिली अट आहे, हे मला मान्यच आहे. पण शंभर टक्के तास घेणारे दोन प्राध्यापक या तक्त्यात एकसारखे दिसतात. त्यांच्या वर्गात बसणाऱ्या मुलांना विचारा, ती तसं सांगणार नाहीत.

हीच अडचण कॅनडातल्या विद्यापीठ प्राध्यापकांच्या संघटनेला १९८० च्या आसपास जाणवली होती. संशोधनाची यादी देता येते, अध्यापनाचं काय द्यायचं, या प्रश्नातून त्यांनी अध्यापनाचा दस्तऐवज कसा तयार करावा याची मार्गदर्शिका काढली. अमेरिकेत पीटर सेल्डिन यांचं 'द टीचिंग पोर्टफोलिओ' हे पुस्तक १९९१ मध्ये आलं आणि ही पद्धत तिथल्या कॉलेजांमध्ये पसरली. सेल्डिन तीन ठिकाणांहून साहित्य घ्यायला सांगतात: स्वतःकडून, इतरांकडून आणि विद्यार्थ्यांच्या शिकण्यातून. आपल्या फायलींमध्ये पहिलं भरपूर असतं, दुसरं थोडं असतं आणि तिसरं शोधावं लागतं. माझ्या पुढच्या सगळ्या सांगण्याचा रोख त्या तिसऱ्यावर आहे.

२. दोन ओळी, त्याच दिवशी

शैक्षणिक डायरीत आपण लिहितो, 'युनिट २, घर्षण, व्याख्यान'. ते ऑफिससाठी आहे. स्वतःसाठी एक वेगळी वही ठेवा आणि तासानंतर तिच्यात दोन ओळी लिहा. मुलं कुठे अडली आणि पुढच्या वर्षी आपण काय वेगळं करणार, एवढंच. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध, हे सगळ्यांना पाठ आहे. चालताना पायावरचं घर्षण कोणत्या दिशेला, असं विचारल्यावर वर्ग दोन बाजूंना. पुढच्या वर्षी इथूनच सुरुवात.'

पुढच्या वर्षी खरंच तिथून सुरुवात केली. आपला पाय जमिनीला मागे ढकलतो आणि घर्षण आपल्याला पुढे नेतं, हे ऐकून मुलं आधी भांडतात, मग उठून वर्गातल्या वर्गात चालून बघतात. गुळगुळीत ओल्या फरशीवर चालता का येत नाही, हे कुणीतरी स्वतःहून बोलतं. त्या तासाचा आराखडा, आदल्या वर्षीची नोंद आणि त्या दिवशीच्या फळ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, ही तीन पानं शेजारी शेजारी ठेवली की एखाद्या विषयाचं शिकवणं कसं बदललं ते वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. वर्षाच्या शेवटी बसून आठवू म्हटलं असतं तर यातलं काही हाती लागलं नसतं. फळ्याचा फोटो काढायची सवय तर प्रत्येकानं लावून घ्यावी. त्यावर तारीख आपोआप पडते आणि फळा पुसायच्या आधी एवढा वेळ कुणालाही असतो.

३. मुलांच्या हातचं जपा

माझ्या पोर्टफोलिओचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एफवायच्या पहिल्या महिन्यात मी एक प्रश्न देते. चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच जागी तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याचं त्वरण किती? उत्तर आणि कारण, दोन्ही लिहायचं. भाषा कोणतीही चालेल. अर्ध्या कागदाच्या चिठ्ठ्या जमा होतात. बहुतेकांचं उत्तर असतं शून्य. कारण, वेग शून्य आहे ना. बारावीला चांगले गुण मिळवून आलेली मुलंही हेच लिहितात, आणि गतीची तिन्ही समीकरणं त्यांना तोंडपाठ असतात. याचा अर्थ ती हुशार नाहीत असा अजिबात होत नाही. वेग आणि वेगातला बदल या दोन गोष्टी त्यांच्या मनात अजून सुट्या झालेल्या नसतात, आणि समीकरणात आकडे भरून उत्तर काढताना तसं होण्याची गरजही पडलेली नसते.

मी उत्तर सांगत नाही. एवढंच विचारते, की वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, तर मग चेंडू खाली का यावा? तिथेच का लटकून राहू नये? मग शेजारी शेजारी बसलेल्यांनी एकमेकांशी बोलायचं आणि वेग-काळ आलेख काढायचा. आलेखावर एक सरळ तिरकी रेघ येते. ती वेगाच्या शून्यातून पार जाते, पण तिचा उतार त्या जागी बदलत नाही. ते बघितल्यावर वर्गात जो आवाज होतो, त्यासाठी मी हा व्यवसाय करते असं म्हटलं तरी चालेल.

पण पोर्टफोलिओसाठी तो आवाज पुरत नाही. दोन महिन्यांनी मी त्याच मुलांना वेगळ्या वेशातला तोच प्रश्न देते. लंबक एका टोकाला गेला आहे, त्या क्षणी त्याचा वेग शून्य आहे. त्वरण? इथे त्वरण शून्य तर नसतंच, उलट ते सगळ्यात जास्त असतं. ज्या मुलीनं पहिल्या चिठ्ठीवर 'झिरो, बिकॉज बॉल स्टॉप्स' लिहिलं होतं, तिनं दुसऱ्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलं, 'वेग शून्य झाला, पण बदलायचा थांबला नाही.' ही दोन वाक्यं एकाच पानावर लावली आहेत. खाली माझी नोंद आहे, की मधल्या काळात वर्गात काय केलं. माझ्या स्थाननिश्चितीच्या समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी बाकीची फाइल चाळली आणि या पानावर थांबून पुढचा सगळा वेळ याच्यावरच प्रश्न विचारले.

इथे एक पथ्य आहे. फक्त पहिल्या बाकावरच्या मुलांच्या चिठ्ठ्या लावू नका. ज्याला अजून नीट समजलेलं नाही अशाही एका मुलाची दुसरी चिठ्ठी ठेवा आणि त्याच्यासाठी पुढे काय केलं ते लिहा. सगळं जमलेलंच दाखवणारा पोर्टफोलिओ वाचणाऱ्याला खरा वाटत नाही, आणि वाचणारे बहुधा स्वतः शिक्षकच असतात.

४. निकालाच्या टक्क्यांवर थांबू नका

'विषयाचा निकाल ९२ टक्के' हे वाक्य प्रत्येक फाइलमध्ये असतं. हा आकडा वर्गात कशी तयारी असलेली मुलं आली यावर आणि प्रश्नपत्रिकेवर फार अवलंबून असतो. शहरातल्या कॉलेजचा ९२ आणि आमचा ७० यांची तुलना करणं दोघांवरही अन्याय आहे.

भौतिकशास्त्राला या बाबतीत एक चांगली देणगी मिळाली आहे. डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. बल आणि गती याबद्दलच्या मूळ समजुती तपासणारे बहुपर्यायी प्रश्न, ज्यांत आकडेमोड जवळजवळ नाही. तीच चाचणी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी घ्यायची. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र करून पाहिले. किती गुण वाढले हे न पाहता, वाढायला जेवढी जागा होती त्यातली किती भरली हे त्यांनी मोजलं. वर्गाची सरासरी ३० वरून ५८ वर गेली, तर उरलेल्या ७० पैकी २८ भरले, म्हणजे ०.४. दुसरा वर्ग ६० वरून ७६ वर गेला, तर ४० पैकी १६, म्हणजे पुन्हा ०.४. दोन्ही वर्गांत सारखंच शिकवणं झालं, मग एकाचा शेवटचा आकडा कितीही मोठा असो. हेक यांच्या पाहणीत नुसत्या व्याख्यानानं शिकवलेल्या वर्गांची ही सरासरी ०.२३ निघाली आणि मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांची ०.४८.

ग्रामीण कॉलेजातल्या शिक्षकाला या हिशेबानं पहिल्यांदा न्याय मिळतो असं मला वाटतं. तुमचा विषय इतिहास असो की वाणिज्य, अशी तयार चाचणी नसली तरी हेच करता येतं. सत्राच्या पहिल्या आठवड्यात विषयाच्या गाभ्यातले पाच प्रश्न विचारा, शेवटच्या आठवड्यात तेच पुन्हा विचारा, आणि दोन्ही वेळची उत्तरं ठेवा. आकडा काढलात तर वर्ग केवढा होता आणि दोन्ही वेळा किती मुलं हजर होती हे शेजारी लिहा. लहान वर्गाच्या एका आकड्यावर मोठा दावा करू नये.

५. प्रश्नपत्रिका आणि प्रॅक्टिकल ही तुमची निर्मिती आहे

शोधनिबंध लिहिताना जेवढा विचार लागतो तेवढाच एक चांगला प्रश्न काढायला लागतो. तरीही प्रश्नपत्रिका परीक्षा विभागात जमा केली की आपण ती विसरतो. तुम्ही काढलेल्या अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नांपैकी ज्यांचा तुम्हाला अभिमान वाटतो असे चार निवडा. हा प्रश्न का काढला, त्यातून काय तपासायचं होतं, आणि मुलांनी काय लिहिलं, हे प्रत्येकाखाली चार ओळींत सांगा.

प्रॅक्टिकलचं उदाहरण देते. साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग प्रत्येक कॉलेजात असतो. उत्तर ९८० च्या जवळ यायला हवं हे मुलांना आधीच माहीत असतं, आणि मागच्या वर्षीचं जर्नल हाताशी असतं. मी प्रश्न उलटा केला. पुस्तकातलं सूत्र लहान कोनासाठीच खरं असतं म्हणतात, तर लहान म्हणजे किती? किती अंशांनंतर आवर्तकाळात एक टक्का फरक पडतो ते शोधा. एक मीटरच्या लंबकाला वीस आंदोलनांसाठी सुमारे चाळीस सेकंद लागतात, त्याचा एक टक्का म्हणजे ०.४ सेकंद. साध्या स्टॉपवॉचवर तो नीट हात बसला तर पकडता येतो. गणितानं हा कोन २३ अंशांच्या आसपास येतो, पण मुलांना तो आधी सांगायचा नाही. जुन्या जर्नलमध्ये याचं उत्तर नाही, त्यामुळे मोजण्यावाचून इलाज नाही.

एका बॅचनं तक्त्यात एक जादा रकाना केला. वीस आंदोलनं होईपर्यंत लंबकाचा झोका कमी होत जातो, म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही कोन त्यांनी लिहिले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तो तक्ता, पेन्सिलीची खाडाखोड आणि शाईचे डाग यांच्यासकट, माझ्या पोर्टफोलिओत आहे. प्रयोगाचा उद्देश साध्य झाला याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

६. अभिप्राय लावा, आणि त्याला दिलेलं उत्तरही लावा

सत्राच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्राय-फॉर्मचा उपयोग मर्यादित आहे. पाचपैकी ४.३ मिळाले याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, आणि ज्यांनी फॉर्म भरला ती मुलं तर पुढच्या वर्गात निघून गेलेली असतात. त्यापेक्षा सत्र चालू असताना विचारा. 'मिनिट पेपर' नावाची एक सोपी पद्धत आहे, तिचं श्रेय बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स श्वार्ट्झ यांना दिलं जातं. तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत मुलांनी कागदावर लिहायचं: आज कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती, आणि कोणता प्रश्न अजून मनात आहे? नाव लिहायचं नाही.

आमच्याकडे या चिठ्ठ्यांमधून सर्वांत जास्त वेळा आलेली गोष्ट भौतिकशास्त्राची नव्हतीच. 'मॅडम, तुम्ही मराठीत सांगता तेव्हा समजतं, पण पुस्तक उघडलं की जातं.' दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावीला एकदम इंग्रजी, आणि त्या दोन वर्षांत पाठांतरावर निभावून नेलेलं. भाषेचा हा अडथळा आपल्याकडे नवा नाही. मुंबईतलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं, आणि त्याचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी महापालिका शाळांतल्या मुलांसोबत काम करताना विज्ञानाच्या भाषेचा प्रश्न आवर्जून हाती घेतला होता. पदवीच्या वर्गात आपण तो संपला असं धरून चालतो.

चिठ्ठ्या वाचून मी तासाची रचना बदलली. नवी संकल्पना आधी मराठीत, मग तीच पुस्तकातल्या इंग्रजी परिच्छेदातून मुलांकडून वाचून घ्यायची, आणि प्रत्येक धड्याला शब्दांचं एक पान. बल, त्वरण, जडत्व, संवेग, कार्य, आणि समोर इंग्रजी शब्द देवनागरीतही आणि रोमनमध्येही. ही पानं पुढच्या वर्षीची मुलं आधीच्यांकडून मागून नेतात. पोर्टफोलिओत मी या क्रमानं लावलं आहे: चार चिठ्ठ्या, बदलाची नोंद, शब्दांचं पान, नंतरच्या सत्रातल्या चार चिठ्ठ्या. नुसता कौतुकाचा अभिप्राय लावला असता तर तो वाचून पान उलटलं गेलं असतं. तक्रार आणि तिच्यावर केलेलं काम एकत्र दिसलं की तुमचं शिकवणं कसं चालतं ते कळतं.

७. सहकाऱ्याला वर्गात बसवा

आपल्याकडे दुसऱ्याच्या वर्गात बसणं म्हणजे तपासणी, असा समज पक्का आहे, म्हणून हे अवघड जातं. मी मराठी विभागातल्या एका मैत्रिणीला बोलावलं. तिला भौतिकशास्त्र येत नाही, हाच फायदा होता. ती सूत्रांकडे बघत बसली नाही, मुलांकडे बघत राहिली. काय बघायचं ते आधी ठरवलं होतं: प्रश्न विचारल्यावर कोण बोलतं आणि कोण नाही. तासानंतर तिनं सांगितलं, की मागच्या बाकांवरच्या मुली वहीच्या कोपऱ्यात उत्तर लिहितात, बरोबर लिहितात, आणि हात वर करत नाहीत. तेव्हापासून माझ्या वर्गात प्रश्न विचारला की आधी सगळ्यांनी लिहायचं, मग बोलायचं. तिचं एक पानी निरीक्षण आणि खाली माझ्या चार ओळी, एवढं पुरेसं आहे. प्राचार्यांचं प्रशस्तिपत्र याच्याइतकं बोलत नाही.

८. आपली भूमिका सर्वांत शेवटी लिहा

पोर्टफोलिओच्या सुरुवातीला अध्यापनाबद्दलची स्वतःची भूमिका असते, एक-दोन पानांची. ती छापली जाते आधी, पण लिहावी शेवटी. आधी लिहायला बसलं की 'विद्यार्थीकेंद्रित अध्यापन', 'सर्वांगीण विकास', 'आधुनिक तंत्रज्ञानाचा वापर' असे शब्द येतात, आणि ते कुणाच्याही फाइलमध्ये बसतात. पुरावे जमल्यावर ते समोर पसरून बसा. आपण पुन्हा पुन्हा काय केलं आहे ते दिसायला लागतं. मला दिसलं, की मी उत्तर देणं लांबवते आणि मुलांना आधी कागदावर भूमिका घ्यायला लावते. मग माझ्या भूमिकेचं पहिलं वाक्य त्यावरच लिहिलं. प्रत्येक वाक्य लिहिल्यावर स्वतःला विचारा, याचा पुरावा कोणत्या पानावर आहे? नसेल तर ते वाक्य काढा.

आमच्याकडून शिकून पुढे परदेशात पीएचडीला गेलेली मुलंमुली आता तिथल्या अध्यापनाच्या जागांसाठी अर्ज करतात, आणि अनेक ठिकाणी अर्जासोबत असंच निवेदन मागतात. त्यांनाही मी हेच सांगते. तालुक्याच्या गावात शिकताना तुम्हाला भाषेमुळे काय अडलं आणि आता टीचिंग असिस्टंट म्हणून शिकवताना तुम्ही त्याचं काय करता, हे लिहा. ते दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

९. काढून टाका

सेल्डिन यांचा सल्ला मुख्य मजकूर आठ-दहा पानांचा ठेवण्याचा आहे, बाकी परिशिष्टात. आपल्याकडे दोन बॉक्स फाइल भरल्याशिवाय समाधान होत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाकडे वेबिनारच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा जमला. कॅसच्या अर्जासाठी लागणारी प्रमाणपत्रं, ओरिएंटेशन आणि रिफ्रेशरची, अर्जाच्या फाइलमध्ये लावाच. पोर्टफोलिओत त्यातलं एकच घ्या, ज्यानं तुमच्या वर्गात काही बदललं, आणि काय बदललं ते लिहा.

१०. मुलांची परवानगी घ्या

चिठ्ठी असो की जर्नलचं पान, वापरण्याआधी त्या मुलाला विचारा आणि लेखी होकार घ्या. नाव आणि रोल नंबर झाका. गुणांच्या याद्या नावांसकट लावू नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी हे करायला हवंच होतं. आणि विचारल्यावर मुलांना आनंद होतो. आपलं खाडाखोड केलेलं पान मॅडमना जपून ठेवावंसं वाटलं, हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं.

११. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांसाठी

हे सगळं सर्वांत जास्त ज्यांना लागतं, त्यांच्याविषयी शेवटी. महाराष्ट्रात कितीतरी विभाग आज तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. सेट-नेट झालेली, पीएचडी झालेली माणसं दर तासाच्या हिशेबानं मानधन घेतात, दर वर्षी नव्यानं मुलाखत देतात, कधी दोन कॉलेजांत शिकवतात. कॉलेज बदललं की कोर्स फाइल तिथेच राहते, अभिप्रायाचे फॉर्म तिथेच राहतात, आणि हातात एक ओळीचं अनुभव प्रमाणपत्र उरतं. त्यांच्या कामाची ही उपेक्षा मला सहन होत नाही. पद आणि पगार देणं माझ्या हातात नाही. पण त्यांचं शिकवणं त्यांच्याबरोबर जावं, एवढं तर होऊ शकतं.

म्हणून जे तासिका तत्त्वावर आहेत त्यांना माझी विनंती आहे. कॉलेजला दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा, मोबाइलवर स्कॅन केलेली चालेल, आणि तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीही. अनुभव प्रमाणपत्र घेताना विभागप्रमुखांना सांगून त्यात विषय, पेपरचं नाव, वर्ग आणि घेतलेले तास लिहून घ्या. सत्र संपायच्या आत एका सहकाऱ्याला तुमच्या वर्गात बसवून त्याचं निरीक्षण सहीनिशी घ्या, कारण मार्चनंतर तुम्ही तिथे असाल की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. आणि विभागप्रमुखांनो, हे कागद मागायला ते संकोचतात. त्यांनी मागायच्या आधीच ते तयार करून त्यांच्या हातात द्या.